पिरॅमिड सरोवराचे मासे आणि पायूट आदिवासींचा पाण्यासाठी लढा

(विज्ञानविषयक जाहीर व्याख्यानाचा मजकूर)



माणसांच्या समूहांना नावे अनेक प्रकारांनी पडतात. कुणाचे नाव गावावरून पडते, कुणाचे धंद्यावरून, कुणाचे एखाद्या पूर्वजावरून. अमेरिकेच्या पश्चिम भागातील नेवाडा राज्यात राहणाऱ्या उत्तर पायूट आदिवासींच्या एका शाखेचे नाव मात्र माशावरून पडले आहे. कुयुइडोकाडो हे ते नाव. ‘क्वी-वी खाणारे’ असा त्याचा अर्थ. हा क्वी-वी मासा आज जगाच्या पाठीवर एकाच सरोवरात आढळतो आणि ते सरोवर या लोकांच्या राखीव प्रदेशात आहे. ज्या माशाचे नाव एका समाजाने धारण केले, तो मासाच नाहीसा होऊ लागला तर त्या समाजाने काय करावे? विसाव्या शतकात पायूट जनतेपुढे हा प्रश्न उभा राहिला. त्यांनी त्याचे दिलेले उत्तर हाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

मासे कमी झाले की सरकारी खात्यांचे उत्तर ठरलेले असते. मत्स्यबीज केंद्र उघडावे, बोटुकली तयार करावी आणि ती पाण्यात सोडावी. हे काम उपयुक्त आहे यात शंका नाही. परंतु पाण्यात सोडायला पाणीच नसेल तर? पाणी आहे, पण ते कुणी वापरायचे याचा निर्णय दुसऱ्याच कुणाच्या हातात असेल तर? अशा वेळी जीवशास्त्राचा प्रश्न पाहता पाहता मालकीचा प्रश्न बनतो. पिरॅमिड सरोवराचा इतिहास ही गोष्ट अत्यंत स्पष्टपणे दाखवून देतो.

समुद्राला न मिळणारी नदी

प्रथम सरोवराची ओळख करून घेतली पाहिजे. हिमयुगाच्या अखेरच्या काळात आजच्या वायव्य नेवाडात लाहोंटन नावाचे एक विशाल सरोवर होते. त्याचा विस्तार सुमारे 22,000 चौरस किलोमीटर होता. हवामान कोरडे होत गेले, सरोवर आटत गेले आणि त्याचे काही तुकडे तेवढे शिल्लक राहिले. पिरॅमिड सरोवर हा त्यांतील प्रमुख अवशेष होय. 1844 च्या जानेवारीत अमेरिकन सैन्यातील संशोधक जॉन फ्रेमॉन्ट तेथे पोहोचला. पाण्यातून वर आलेल्या एका त्रिकोणी खडकावरून त्याने सरोवराला पिरॅमिड हे नाव दिले. त्याच्या तुकडीला तेथील आदिवासींनी सरोवरातले मोठे ट्राउट मासे खाऊ घातले होते. नकाशावर नाव चढवणारा पाहुणा आणि त्याला जेवू घालणारा यजमान यांचे पुढचे नाते कसे राहिले, हे पुढील इतिहासावरून दिसेलच.

सिएरा नेवाडा पर्वतातील टाहो सरोवरातून ट्रकी नदी निघते. सुमारे 190 किलोमीटर वाहून, रीनो शहरातून पुढे जाऊन, ती पिरॅमिड सरोवराला मिळते. तिथेच तिचा प्रवास संपतो. या सरोवरातून पाणी बाहेर नेणारा कोणताही प्रवाह नाही, त्यामुळे नदीचे पाणी समुद्रापर्यंत जात नाही. सरोवराच्या जमाखर्चाच्या वहीत जमेची मोठी बाब एकच, ट्रकी नदी. आणि खर्चाचीही एकच, बाष्पीभवन. वाळवंटी उन्हात दरवर्षी सुमारे चार फूट उंचीचे पाणी उडून जाते. सरोवराचा पृष्ठभाग एक लाख एकरांहून मोठा आहे. म्हणजे पातळी आहे तिथे राहण्यासाठीच वर्षाला चार लाख एकर-फुटांहून अधिक पाणी यावे लागते. एक एकर जमिनीवर एक फूट उंच उभे राहणारे पाणी म्हणजे एक एकर-फूट. हा आकडा श्रोत्यांनी लक्षात ठेवावा, कारण पुढे न्यायालयात तो पुन्हा भेटणार आहे.

या सरोवरातले दोन मासे महत्त्वाचे. एक क्वी-वी. सूक्ष्म प्राण्यांवर जगणारा हा मासा चाळीस वर्षांहूनही अधिक जगतो. दुसरा लाहोंटन कटथ्रोट ट्राउट. हा शिकारी मासा असून त्याच्या जबड्याखाली लाल रेघ असते, जणू गळ्यावर सुरी फिरवावी तशी. त्यावरूनच त्याला हे नाव मिळाले. एकेकाळी हा ट्राउट प्रचंड वाढत असे. 1925 साली एका पायूट मच्छीमाराने धरलेल्या माशाचे वजन 41 पौंड भरले आणि कटथ्रोट ट्राउटच्या वजनाचा तो जागतिक विक्रम ठरला.

दोन्ही मासे राहतात सरोवरात, पण अंडी घालण्यासाठी त्यांना नदीत चढावे लागते. वाहते, थंड, स्वच्छ पाणी आणि तळाशी खडी असल्याखेरीज त्यांची अंडी जगत नाहीत. वसंत ऋतूत पर्वतावरचे बर्फ वितळून नदी फुगते आणि मासे वर निघतात. क्वी-वी नदीच्या खालच्या टप्प्यातच अंडी घालून परततो. ट्राउट मात्र पूर्वी थेट टाहो सरोवरापर्यंत जात असे. सरोवर, नदी आणि पर्वतावरचे बर्फ हे या माशांच्या दृष्टीने एकच घर आहे. त्यातली एक भिंत पाडली की सारे घर कोसळते.

वाळवंट फुलवण्याची योजना

1859 साली हे सरोवर आणि भोवतालचा प्रदेश पायूट जमातीसाठी राखून ठेवण्यात आला. पुढच्याच वर्षी, चांदीच्या खाणींच्या लोंढ्यातून आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांशी पायूटांचे युद्ध झाले. 1874 साली राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या आदेशाने राखीव प्रदेशावर शिक्कामोर्तब झाले. कागदावर सरोवर पायूटांचे झाले खरे. परंतु सरोवराचा प्राण असलेली नदी राखीव प्रदेशाच्या बाहेरून येत होती. त्या नदीवर लाकूडगिरण्यांचा भुसा पडत होता, बंधारे उभे राहत होते आणि सरोवरातले ट्राउट रेल्वेने दूरच्या बाजारांत जात होते.

निर्णायक आघात 1902 नंतर झाला. त्या वर्षी नेवाडाचे प्रतिनिधी फ्रान्सिस न्यूलँड्स यांच्या पुढाकाराने अमेरिकेच्या काँग्रेसने सिंचनाचा कायदा संमत केला. पश्चिमेच्या वाळवंटाला सरकारी खर्चाने पाणी द्यावे आणि तेथे शेतकरी कुटुंबे वसवावीत, ही त्यामागची कल्पना. या कायद्याखालच्या पहिल्या योजनांपैकी एक नेवाडातच झाली. 1905 साली ट्रकी नदीवर डर्बी धरण उभे राहिले आणि नदीचे पाणी कालव्याने शेजारच्या कार्सन नदीच्या खोऱ्याकडे, फॅलनच्या शेतीकडे, वळवण्यात आले. सरासरीने नदीचा जवळपास अर्धा प्रवाह दुसरीकडे गेला. कोरड्या वर्षांत सरोवरापर्यंत नावापुरतेच पाणी पोहोचे.

जमेची बाजू अर्धी झाली, खर्च मात्र तोच राहिला. 1967 पर्यंत सरोवराची पातळी सुमारे 80 फुटांनी खाली गेली. शेजारचे विनेमका सरोवर पिरॅमिडच्या शिलकी पाण्यावर जगत असे. ते 1930 च्या दशकात पुरते आटले. आजही तिथे कोरडे मैदान आहे. पिरॅमिडची पातळी उतरताच नदीच्या मुखाशी गाळाचा रुंद, उथळ पट्टा उघडा पडला. अंडी घालायला निघालेले मासे त्या इंचभर पाण्यात अडकून पडू लागले आणि पेलिकन पक्ष्यांचे भक्ष्य होऊ लागले. 1938 साली ट्राउटची शेवटची मोठी यात्रा नदीत चढली. पुढच्या काही वर्षांत सरोवरातला मूळ ट्राउट नष्ट झाला.

मग क्वी-वी का वाचला? याचे उत्तर त्याच्या आयुर्मानात आहे. ट्राउट फार तर दहा-बारा वर्षे जगतो. तेवढ्या अवधीत नदी उघडली नाही तर पिढीची साखळी तुटते. क्वी-वी चाळीस वर्षे वाट पाहू शकतो. कित्येक वर्षे त्याची एकही पिल्लांची पिढी यशस्वीपणे वाढली नाही. तरी म्हातारे मासे खोल पाण्यात तग धरून राहिले. निसर्गाने दिलेल्या या मुदतीमुळेच माणसांना लढण्यास वेळ मिळाला.

एकच वकील, दोन अशिले

आता न्यायालयाकडे वळले पाहिजे. ट्रकी नदीच्या पाण्याचे वाटप ठरवणारा खटला 1913 साली सुरू झाला आणि 1944 मध्ये त्याचा हुकूमनामा निघाला. त्यात पायूटांना 1859 पासूनचा सर्वांत जुना हक्क मिळाला. परंतु तो सुमारे 30,000 एकर-फूट पाण्याचा आणि केवळ शेतीच्या सिंचनासाठी. चार लाखांची गरज असलेल्या सरोवरासाठी, त्यातल्या माशांसाठी, एक थेंबही नाही! मासे धरून जगणाऱ्या लोकांना ‘तुम्ही शेतकरी व्हा’ असे सांगण्याचाच हा प्रकार होता. असे का व्हावे? कारण या खटल्यात आदिवासींची बाजू मांडणारे आणि सिंचन योजनेची बाजू मांडणारे, दोन्ही एकच होते: संघराज्याचे सरकार. विश्वस्त आणि प्रतिपक्ष एकाच खुर्चीत बसले होते.

जमातीने पुढे स्वतःचे वकील उभे केले. 1972 साली वॉशिंग्टनच्या संघराज्य न्यायालयात त्यांना महत्त्वाचा विजय मिळाला. सिंचन योजनेला गरजेपेक्षा अधिक पाणी देऊन गृहखात्याच्या मंत्र्यांनी आदिवासींविषयीच्या विश्वस्त कर्तव्याचा भंग केला आहे, असा निर्णय न्यायमूर्ती गेसेल यांनी दिला. कालव्यात वाया जाणाऱ्या पाण्यावर मर्यादा आली. पण 1944 चा हुकूमनामाच पुन्हा उघडावा, ही मागणी 1983 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. सरकारने तेव्हा तुमची बाजू मांडली होती, ती नीट मांडली की नाही हा प्रश्न आता उरत नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ होता.

दरवाजा बंद झाला, तेव्हा जमातीने खिडकी शोधली आणि ती खिडकी विज्ञानाने दाखवली. क्वी-वी मासा 1967 साली, तर ट्राउट 1970 साली नामशेष होण्याच्या मार्गावरील प्राण्यांच्या यादीत आला होता. 1973 च्या कायद्याने अशा प्राण्यांचे रक्षण करणे हे सरकारचे बंधन ठरले. ट्रकीच्या एका उपनदीवर 1970 साली स्टँपीड हे धरण पूर्ण झाले होते. त्याचे पाणी शहरांना व शेतीला विकले जावे असा आग्रह होता. परंतु ते माशांसाठीच वापरता येईल, हा सरकारचा निर्णय 1984 साली अपील न्यायालयाने उचलून धरला. ट्रकीच्या खोऱ्यातले एक मोठे धरण माशांच्या ऋतुमानाप्रमाणे उघडू लागले.

खाणाऱ्यांनीच खाणे थांबवले

न्यायालयातील लढ्याबरोबर सरोवरावरचे कामही चालू होते. जमातीने आपले मत्स्यव्यवसाय खाते उभे केले, स्वतःची मत्स्यबीज केंद्रे चालवली आणि क्वी-वीच्या पैदाशीचे तंत्र आत्मसात केले. 1970 च्या दशकाच्या मध्यास नदीच्या मुखाजवळ मार्बल ब्लफ येथे बंधारा आणि मासे चढण्यासाठी कालवा बांधण्यात आला, जेणेकरून गाळाचा पट्टा ओलांडता यावा. दरवर्षी वसंतात पायूट कामगार आणि शास्त्रज्ञ तेथे मासे मोजतात, तपासतात आणि वर सोडतात.

आणखी एक गोष्ट केली गेली, जी कोणत्याही सरकारी अहवालाहून मोठी आहे. क्वी-वी खाणे हीच ज्यांची ओळख, त्या लोकांनी क्वी-वीची आपली पिढीजात मासेमारी स्वतःहून थांबवली. आदिवासी हे निसर्गाची नासधूस करतात असा कांगावा करणाऱ्या सर्व देशांतील वनखात्यांनी आणि कंत्राटदारांनी या त्यागाकडे पाहावे.

धरणाचे पाणी माशांच्या वेळापत्रकाने सोडल्याचा एक परिणाम कुणाच्याही कल्पनेत नव्हता. 1987 साली क्वी-वीसाठी पाणी सोडले गेले आणि नदीच्या खालच्या काठावर कॉटनवुडची हजारो रोपे उगवली. कित्येक दशके तेथे नवे झाड रुजले नव्हते. कारण साधे आहे. या झाडाचे बी वसंताच्या अखेरीस पडते. ओल्या गाळावर ते रुजते आणि पाणी हळूहळू ओसरत गेले तर मुळे त्यामागोमाग खाली जातात. पाणी एकदम तोडले तर रोप वाळते. माशासाठी सोडलेल्या पाण्याने जंगल आणले, जंगलाने पक्षी आणले. निसर्गातील संबंध सुटे नसतात, हे सूत्र येथे नदीच्या काठावर उगवून आले.

1990 साली अमेरिकेच्या काँग्रेसने ट्रकी, कार्सन आणि पिरॅमिड सरोवर यांच्या पाण्याविषयी तोडजोडीचा कायदा केला. स्टँपीडचे पाणी माशांसाठी निश्चित झाले. जमातीला मत्स्यव्यवसायासाठी अडीच कोटी डॉलरचा आणि आर्थिक विकासासाठी चार कोटी डॉलरचा निधी मिळाला. नदीची सर्व धरणे एकत्रित चालवण्याचा करार 2008 साली झाला आणि 2015 च्या डिसेंबरात अमलात आला. दोन राज्ये, संघराज्य सरकार आणि रीनो परिसराची पाणीपुरवठा संस्था यांच्या बरोबरीने पायूट जमात त्यावर सही करणारा पक्ष आहे. ज्यांच्या वतीने 1944 साली दुसरेच बोलले, ते आता स्वतः बोलत होते.

हरवलेला वंश

राहिला ट्राउट. त्याचा मूळ वंश संपला, असे सर्वांनी गृहीत धरले होते. सरोवरात इतर ठिकाणचे लाहोंटन ट्राउट सोडले जात. ते जगत, पण पूर्वीच्या राक्षसी आकाराला पोहोचत नसत. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात, नेवाडा आणि यूटा यांच्या सीमेवरील पायलट पीक या डोंगरावरच्या एका लहानशा ओढ्यात शास्त्रज्ञांना लाहोंटन कटथ्रोट ट्राउट सापडले. तो डोंगर या माशाच्या मूळ खोऱ्याच्या बाहेर आहे. अर्थात कुणीतरी पूर्वी ते तेथे नेऊन सोडले असणार. ते पिरॅमिडचेच असावेत, असा तर्क मत्स्यशास्त्रज्ञ रॉबर्ट बेंकी यांनी मांडला.

तर्क आणि पुरावा यांत अंतर असते. ते अंतर पुढे जनुकशास्त्राने भरून काढले. संग्रहालयांत जपून ठेवलेल्या जुन्या माशांच्या नमुन्यांशी या ओढ्यातल्या माशांची जनुके ताडून पाहिली गेली आणि नाते सिद्ध झाले. दरम्यान 1995 साली त्यांची अंडी नेवाडातील संघराज्याच्या मत्स्यबीज केंद्रात आणण्यात आली होती. 2006 साली या वंशाचे मासे पिरॅमिड सरोवरात सोडले गेले. काही वर्षांतच वीस पौंडांहून जड ट्राउट पुन्हा गळाला लागू लागले. आणि 2014 साली, तब्बल 76 वर्षांनी, पिरॅमिडच्या ट्राउटने ट्रकी नदीत नैसर्गिकरीत्या अंडी घातली.

2020 साली डर्बी धरणावर, म्हणजे जेथून सारा अनर्थ सुरू झाला तेथेच, मोठी जाळी बसवण्यात आली. कालव्यात वाहून जाणारे मासे आता सुखरूप नदीत परततात. धरण राहिले आहे, कालवाही राहिला आहे. फक्त माशाला वाट मिळाली आहे. ती मिळायला 115 वर्षे लागली.

यातून काय शिकायचे?

या कथेत सगळेच मिटले असे समजणे भाबडेपणाचे होईल. सरोवराने गमावलेली सारी उंची परत आलेली नाही. ट्राउट अजूनही मोठ्या प्रमाणात मत्स्यबीज केंद्रांवर अवलंबून आहे. पर्वतावरचे बर्फ तापत्या हवामानात कमी होत आहे आणि लवकर वितळत आहे. शिवाय कालव्याच्या दुसऱ्या टोकाला फॅलनचे लहान शेतकरीही आहेत, ज्यांना सरकारनेच तेथे वसवले. तेथे दलदलीच्या पाणथळ जागा आहेत आणि पायूट-शोशोनी आदिवासींची आणखी एक वस्ती आहे. एका खोऱ्याचे पाणी दुसऱ्याला देऊन राज्यसंस्थेने गरिबाविरुद्ध गरिबाला उभे केले. 1990 च्या कायद्यात त्या पाणथळ जागांसाठी पाण्याचे हक्क राजीखुशीने विकत घेण्याची तरतूद करावी लागली, ती यामुळेच. हा अंतर्विरोध शेतकऱ्याने निर्माण केलेला नव्हता, की माशानेही नाही.

तरीही मूळ धडा स्पष्ट आहे. मत्स्यबीज सोडण्याचे काम 1950 च्या दशकापासून चालूच होते. त्याने सरोवर बदलले नाही. बदल झाला तो पाण्यावर हक्क मिळाला तेव्हा, आणि तो हक्क बजावण्यासाठी जमातीच्या हाती स्वतःचे खाते, स्वतःचे शास्त्रज्ञ व स्वतःचे वकील आले तेव्हा. विज्ञानाने सांगितले की मासा कधी, किती पाण्यात चढतो. ते पाणी मिळवून देणे हे मात्र विज्ञानाचे काम नव्हते. ते संघटित लोकांनी केले.

आपल्या देशात हा प्रश्न अपरिचित नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने वननिवासी ग्रामसमुदायांना जलाशयांतील मासे व इतर उत्पादने यांवरील सामूहिक हक्क दिला आहे. किती ग्रामसभांनी त्यावर दावा केला? विदर्भात भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांतील मालगुजारी तलावांत ढिवर समाजातील मच्छीमारांनी बेशरमीची झुडपे उपटून, देशी पाणवनस्पती लावून, स्थानिक जातींचे मासे परत आणण्याचे काम केले आहे. केवळ रोहू-कटल्याचे बीज सोडून जे साधले नव्हते, ते तलावाचा तळ सुधारल्यावर साधले. खंड वेगळा, मासा वेगळा, समाज वेगळा. परंतु निष्कर्ष एकच निघतो. तलाव कुणाचा आणि त्यातल्या पाण्याचा निर्णय कोण करणार, हे आधी ठरवावे लागते.

पिरॅमिड सरोवराच्या काठी प्रत्येक वसंतात क्वी-वी आजही नदीकडे निघतात. त्यांच्या नावाचे लोक काठावर उभे राहून ते मोजतात. नदीत पुरेसे पाणी आहे की नाही, हे आता त्यांना कुणाकडून विचारून घ्यावे लागत नाही. ते विचारणाऱ्यांच्या बाजूला नव्हे, ठरवणाऱ्यांच्या पंक्तीत बसले आहेत. आपल्या तलावांच्या काठी अशी पंगत कधी बसेल, हा प्रश्न श्रोत्यांनी येथून उठताना सोबत न्यावा.